आमच्या शेडचा पाया

आज पापड-लोणची नाहीत, शिलाई मशीन नाही आणि बँकेचे हप्तेही नाहीत. आज आपण बोलणार आहोत खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी यांवर. "हे तर मिस्त्रीचं काम, आम्हाला कशाला सांगता?" असं कुणी म्हणेल. पण पाटी आणि घमेलं तर आपणच उचलतो. घरकुलाचं काम असो, शाळेची खोली असो की कुणाचा बंगला असो, काँक्रीट चढतं ते बाईच्या डोक्यावरून. त्यात काय किती पडलं, हे मात्र आपल्याला कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

आमच्या गटाला समाजकल्याणच्या योजनेतून मिनी ट्रॅक्टर मिळाला. नव्वद टक्के अनुदान, बाकी गटाचे. ट्रॅक्टर आला, पूजा झाली, पेढे वाटले. मग तो उभा कुठे करायचा? वर्षभर तो लिंबाखाली राहिला. उंदरांनी वायरी कुरतडल्या, सीट उन्हानं फाटली आणि एके रात्री बॅटरी गेली. नवी बॅटरी गटाच्या खिशातून आली. त्या महिन्याच्या बैठकीत ठरलं, की शेड बांधायची. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि पुढेमागे एखादी पिकअप बसेल एवढी. पंधरा फूट रुंद, वीस फूट खोल.

जागा आमच्यातल्याच एका वहिनींच्या नावावरची. त्यांच्याकडून पंधरा वर्षांचा भाडेपट्टा करून घेतला आणि तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवला. वहिनींना वाईट वाटेल म्हणून काही जणी नको म्हणत होत्या, पण वहिनीच म्हणाल्या, "उद्या माझा मुलगा काय म्हणेल ते मला माहीत नाही. कागद करा." एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, हे लक्षात ठेवा.

जागेची अडचण अशी, की ती ओढ्याकडे उतरती. पुढून रस्त्याला सपाट, पण मागे दोन फूट खाली. म्हणजे मागं भिंत घालून, आत मुरूम भरून वर आणायची, तेव्हा ट्रॅक्टर सरळ आत जाणार. आणि माती काळी. काळी माती आपल्याला सांगायला नको. चैत्रात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचा पाऊस झाला की ती फुगते. शेताला ती आई, पण पायाला वैरीण. वर ठेवलेलं सगळं ती दर वर्षी उचलते आणि सोडते. आपल्याकडच्या घरांना खिडकीच्या कोपऱ्यातून ज्या तिरप्या भेगा जातात, त्यांतल्या कितीतरी या फुगण्या-आकसण्यानं पडतात. म्हणून पहिला नियम असा, की पाया मुरमावर बसला पाहिजे. आमच्याकडे अडीच फुटांवर मुरूम लागला. आम्ही तीन फूट खोदलं, म्हणजे अर्धा फूट मुरमात शिरलो. "दोन फूट बास झालं, हलकी शेड तर आहे," असं ठेकेदार म्हणाला होता. शेड हलकी आहे, पण माती हलकी नाही ना.

मग दगडाची भिंत का नाही, असं गावातल्या जाणत्यांनी विचारलं. दगड फुकट मिळाला असता. दगडाचं काम वाईट नसतं. चांगला गवंडी असेल, सिमेंटच्या मालात, आरपार दगड घालून भिंत बांधली तर ती पिढ्यान् पिढ्या टिकते. पण तसा गवंडी आता आमच्या पंचक्रोशीत एकच उरला आहे आणि त्याला दिसत नाही. आणि आमच्या भागात दगड-मातीच्या भिंतीचं नाव काढलं, की म्हाताऱ्या गप्प होतात. 30 सप्टेंबर 1993ची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. किल्लारीचा भूकंप झाला आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. आमच्यातल्या काही जणी तेव्हा कडेवर होत्या, काही जणींचा जन्मही नव्हता. पण प्रत्येकीच्या घरात त्या पहाटेची गोष्ट आहे. म्हणून सळई घातलेली काँक्रीटची भिंत घालायची, यावर वाद झाला नाही.

वाद झाला तो पैशावर. ठेकेदारानं पाया आणि भिंत मिळून 85 पोती सिमेंट लिहून दिलं. आम्ही विचारलं, "85 कशी?" तो म्हणाला, "अंदाजे, ताई." आता अंदाज काय असतो ते बघा. तिन्ही बाजूंची लांबी किती? वीस, वीस आणि पंधरा, म्हणजे 55 फूट. खालची पट्टी, जिला फुटिंग म्हणतात, ती अडीच फूट रुंद आणि नऊ इंच, म्हणजे पाऊण फूट जाड. 55 गुणिले अडीच गुणिले पाऊण म्हणजे 103 घनफूट. वरची भिंत पाऊण फूट जाडीची. मागची साडेचार फूट उंच, बाजूच्या उतरत जाणाऱ्या, सरासरी साडेतीन फूट. ती आली 156 घनफूट. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी असं मिश्रण केलं, तर एका पोत्यात साधारण 4.4 घनफूट काँक्रीट निघतं. म्हणजे फुटिंगला 24 पोती, भिंतीला 36. एकूण 60. ठेकेदाराला हे कागदावर दाखवलं. कागद उलटा करून पाठीमागे काही आहे का ते त्यानं पाहिलं. मग म्हणाला, "बरोबर आहे, पण थोडं जादा धरावं लागतं." थोडं आम्हीही धरलं, दोन पोती. पंचवीस नाही.

हा हिशोब आमच्यातल्या बारावी झालेल्या सुनेनं केला. लांबी, रुंदी, उंची गुणायची, बाकी काही नाही. तो तुम्हालाही येतो.

नकाशा मात्र आम्ही अभियंत्याकडूनच घेतला, पैसे देऊन. माती अडवणारी भिंत ही साधी भिंत नव्हे. आत भरलेला मुरूम तिला सतत बाहेर ढकलत असतो. तुमची भिंत आमच्यासारखीच दिसत असली, तरी आमची मापं उचलून वापरू नका. तुमची माती वेगळी असेल, उतार वेगळा असेल.

सळईचं एक समजून घ्या. ही गोष्ट आम्हाला फार आवडली. कडक भाकरी दोन्ही हातांत धरून वाकवा. ती कुठून फुटते? जी बाजू ताणली जाते तिथून. दाबली जाते ती बाजू फुटत नाही. काँक्रीटही तसंच असतं. दाब सोसतं, ताण सोसत नाही. ताण सोसायला सळई असते. मुरूम भिंतीला बाहेर ढकलतो, तेव्हा भिंतीची मुरमाकडची बाजू ताणली जाते. म्हणून उभी सळई मुरमाच्या बाजूला हवी, काँक्रीटमध्ये दोन इंच आत. सेंट्रिंगवाल्या पोरानं ती मधोमध बांधली होती, कारण बांधायला तेच सोपं. आमच्या मावशींनी नकाशा दाखवला, पोरगा बडबडला आणि त्यानं ती सोडून पुन्हा बांधली. काँक्रीट ओतल्यावर आत सळई कुठे आहे हे कुणालाच दिसत नाही. जे पाहायचं ते ओतायच्या आधी पाहायचं. आणि दोन इंचांचं अंतर राखायला कव्हर ब्लॉक लावा. खडीचा तुकडा खोचला, तर तो ओतताना सरकतो.

चौरसपणा तपासायला तर काहीच लागत नाही. दोरीनं तीन फूट, चार फूट मोजा, तिरका पाच भरला की कोपरा काटकोनात. आमची शेड पंधरा बाय वीस, म्हणजे तिरकी बरोबर 25 फूट यायला हवी. एका कोपऱ्यातून टेप धरला तर 25 फूट 4 इंच आली. खुंट्या हलवून बरोबर केली, मग चुना टाकला. पातळीसाठी पारदर्शक नळीत पाणी भरलं. पाणी काही कुणाच्या बाजूनं बोलत नाही.

आता फर्मा. वाळू-खडी घमेल्यानं मोजतात, पण एक बाई घमेलं काठोकाठ भरते, दुसरी शीग लावते, तिसरीची पाठ दुखते म्हणून ती अर्धं भरते. मग माप कसलं? आम्ही सुताराकडून लाकडी फर्मा करून घेतला, आतून लांबी, रुंदी, उंची तिन्ही 26 सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. एका पोत्यात 35 लिटर सिमेंट मावतं आणि हा फर्मा बरोबर त्याच्या निम्मा. म्हणजे एका पोत्याला वाळूचे तीन फर्मे, खडीचे सहा. वरून फळी फिरवून सपाट करायचं. दोघींना सहज उचलता येतो.

वाळू ओलसर असेल तर एक गंमत होते, ती फुगते. फर्मा भरलेला दिसतो, पण आत वाळू कमी असते. काचेची सरळ बरणी घ्या. ओलसर वाळू न दाबता दहा बोटं भरा, दुसऱ्या भांड्यात काढा, बरणीत निम्मं पाणी घ्या, वाळू परत टाकून ढवळा आणि बसू द्या. आठ बोटं झाली, तर तीनच्या जागी पावणेचार फर्मे घालायचे. याच बरणीत गाळही दिसतो. वाळूवर मातीचा थर पातळ रेघेएवढा असेल तर ठीक, जाड थर बसला तर गाडी परत. आमची पहिली गाडी अशीच परत गेली. गाडीवाला दोन आठवडे बोलत नव्हता, आता बोलतो.

सिमेंटच्या पोत्यावर कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यातलं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं घेऊ नका. हात घातल्यावर गार लागलं पाहिजे, खडा लागता कामा नये. आणि पोती जमिनीवर टेकवू नका, फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब.

आता पाण्याचं. सगळं भांडण तिथंच झालं. फुटिंग आधी झालं होतं. भिंत ओतायचा दिवस होता मार्गशीर्षातला, सकाळी आठ वाजता मिक्सर सुरू झाला. अभियंत्यांनी सांगितलं होतं, की एका पोत्याला 25 ते 27 लिटर पाणी, त्याच्या वर नाही. वाळू ओली असेल तर त्यातून दोन-तीन लिटर कमी, कारण तेवढं पाणी वाळूतच असतं. आम्ही बादल्यांवर रंगानं रेघा मारल्या होत्या. तिसऱ्या घाण्याला मिस्त्रीनं पाईपच मिक्सरमध्ये सोडला. "माल घट्ट आहे, पळत नाही. प्लेटांत उतरणार कसा?" आमच्या मावशींनी पाईप काढला. तो म्हणाला, "मावशी, वीस वर्षं झाली मला या कामात." मावशी म्हणाल्या, "मला बावीस झाली. मी खाली होते, तू वर होतास."

काम थांबलं. मिस्त्री बाजूला जाऊन तंबाखू मळत बसला. मिक्सरचं भाडं दिवसाचं होतं, घड्याळ पळत होतं आणि आमच्यातल्याच दोघी म्हणाल्या, घालू द्या थोडं पाणी, काय होतंय. काय होतं ते सांगतो. सिमेंटला घट्ट व्हायला जेवढं पाणी लागतं तेवढं ते घेतं. वरचं पाणी नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक भोकं राहतात. धिरड्याला जाळी पडली तर आपण सुगरण, भिंतीला पडली तर त्या जाळीतून पाणी आत शिरतं, सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. पातळ मालात खडी खाली बसते, वर नुसतं पाणी आणि लगदा येतो. भिंत उभी राहते, पण तिच्यात जीव नसतो. आणि तिच्यामागे कित्येक टन मुरूम, वर ट्रॅक्टर, आणि तिच्या बाहेरच्या अंगाला ओढ्यावर जाणारी वाट. त्या वाटेनं आमचीच पोरं जातात.

माल प्लेटांत उतरवायचा उपाय पाणी नाही, व्हायब्रेटर आहे. आम्ही सुईचा व्हायब्रेटर भाड्यानं आणला होता. तो पेटीत तसाच पडून होता. मिस्त्रीला आम्ही म्हटलं, "दादा, तुमच्या हातानं लावून बघा. उतरला नाही तर आपण बोलू." त्यानं लावला. दहा-पंधरा सेकंदांत माल सळयांमधून खाली बसला, वर बुडबुडे आले आणि थांबले. तो काही बोलला नाही. त्यानंतर पाईप मिक्सरजवळ आला नाही. बोलाचाली त्या दिवशी तरी कमीच राहिली.

भरताना एका कोपऱ्यात ढीग करू नका. दीड-दीड फुटाचे थर तिन्ही भिंतींत फिरवत आणा, नाहीतर ओल्या मालाच्या वजनानं प्लेटा फुगतात. एका घनफुटाचं वजन 70 किलोच्या आसपास असतं. मिक्सरमधून काढलेला माल अर्ध्या तासाच्या आत जागेवर पडला पाहिजे, आणि तो घट्ट झाला म्हणून वरून पाणी मारून "जिवंत" करायचा नाही. मध्येच काम सोडू नका, नाहीतर जुन्या-नव्या मालात सांधा राहतो आणि तिथून पाणी झिरपतं. आम्ही जेवणं आलटून पालटून केली. रिकामी पोती एकावर एक रचत गेलो, तोच आमचा हिशोब. साडेतीनला भिंत भरली तेव्हा ढिगात 37 पोती होती.

156 घनफूट म्हणजे जवळपास अकरा टन. एवढं त्या दिवशी घमेल्याघमेल्यानं वर गेलं. इथं दुसरा वाद सांगितला पाहिजे, तो मिस्त्रीशी नव्हता, आपसातला होता. आमच्या गावात अशा कामावर गड्याला सातशे आणि बाईला चारशे असा रोज चालतो. समान कामाला समान मजुरीचा कायदा 1976 साली झाला, पण तो आमच्या गावापर्यंत चालत येतोय बहुतेक. या कामाचा मालक गट होता. म्हणून प्रश्न आला, की आपण काय द्यायचं? सगळ्यांना सातशे दिले तर खर्च वाढतो आणि तो आपल्याच बचतीतून जातो. ठेकेदार म्हणाला, तुम्ही रेट वाढवला तर बाकीच्या कामांवर बायका मागतील. बैठकीत हात वर झाले. आठ जणी सातशेच्या बाजूनं, पाच जणी विरुद्ध. घमेलं उचलणाऱ्या प्रत्येकाला सातशे दिले. त्या पाच जणी अजून म्हणतात, की तेवढ्यात शटर आलं असतं. आलं असतं, खरं आहे. पुढच्या महिन्यात गावात दुसरीकडे स्लॅब पडला, तिथं बायकांनी साडेपाचशे मागितले आणि पाचशे मिळाले.

आणि ज्या बांधकामावर जातात त्यांनी एक करा. वर्षात 90 दिवस असं काम केलं असेल आणि वय 18 ते 60 मध्ये असेल, तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत अशा योजना त्यावर असतात. 90 दिवसांचा दाखला लागतो, तो ठेकेदाराकडून किंवा ग्रामपंचायतीकडून घ्या. आमच्या मावशींची बावीस वर्षांनी नोंदणी झाली.

अंगाची काळजीही सांगतो. ओलं सिमेंट हात खातं, बोटांच्या बेचक्यात जखमा होतात. रबरी हातमोजे घाला, काम झालं की साध्या पाण्यानं धुऊन खोबरेल लावा. मिक्सरजवळ पदर, ओढणी, मोकळा शेपटा नको. आम्ही सगळ्यांनी वरून शर्ट घातले होते आणि पदर आत खोचले होते. पोरं हसली. हसू द्या.

प्लेटा दुसऱ्या दिवशी निघाल्या. भिंतीवर कुठं पोळ्यासारखी भोकं नव्हती, एका कोपऱ्यात हातभर जागा सोडून, ती लगेच भरून घेतली. मग पाणी मारणं. सिमेंट मिश्र प्रकारचं, म्हणजे पोत्यावर पीपीसी लिहिलेलं, असेल तर निदान दहा दिवस भिंत ओली राहिली पाहिजे. राहिली पाहिजे म्हणजे सकाळी एकदा शिंपडून दुपारी वाळली, असं नाही. आपल्याकडे पाणी जपून वापरावं लागतं. म्हणून भिंतीला जुनी गोणपाटं गुंडाळली आणि ती भिजवत राहिलो. उघड्या भिंतीपेक्षा त्याला पाणी फार कमी लागतं. रोज दोघींची पाळी, वहीत सही. आम्ही चौदा दिवस केलं.

मुरूम घाईनं भरला नाही, तीन आठवडे थांबलो. मग सहा-सहा इंचांचा थर, पाणी, धुमस. खोदलेली काळी माती परत आत टाकायचा मोह होतो, कारण ती तिथंच पडलेली असते आणि मुरमाला पैसे लागतात. ती आम्ही वहिनींच्या परड्यात टाकली, तिथं आता वांगी आहेत. मागच्या भिंतीत पाणी जायला तीन इंची पाईप ठेवले, आतल्या तोंडाला जाळी आणि खडी. पहिल्या मोठ्या पावसात त्यांतून पाणी आलं, गढूळ, मग स्वच्छ.

शेडचे पत्रे झाले आहेत, ट्रॅक्टर आत आहे. शटर अजून नाही, तूर्त साखळी-कुलूप आहे. पत्र्याचा आणि खालच्या कोब्याचा खर्च कसा बसवला ते पुढच्या वेळी आमच्या हिशोबनीस सांगतील.

फर्मा शेडमध्ये खुंटीला आहे. ज्या गटाला हवा त्यांनी न्यावा, वहीत नाव लिहावं आणि आठ दिवसांत परत आणावा. धुऊन आणा. मागच्या खेपेला आला तेव्हा आत बोटभर सिमेंट चिकटलेलं होतं, आणि तेवढं चिकटलं की माप चुकतं.